फळ्यांमधली राख

आमच्या घराला पुढचं दार आहे, दाराला बेल आहे, आणि माझ्या दिराने ती बेल कधी वाजवली नव्हती. भावजी यायचे ते मागच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात. हात धुवायच्या आधी पातेल्याचं झाकण उचलायचे आणि विचारायचे, "वहिनी, आज दादाच्या नशिबात काय आहे?" मी पळी उगारली की झाकण टाकून पळायचे. पन्नाशीला आलेला माणूस, पण थोरल्या भावाच्या घरात शिरला की वय बाहेर चपलांजवळ ठेवून यायचा.

आम्ही तिघंही पाणथळीवर नोकरीला. पाणथळ म्हणजे बांध घालून केलेली तीन तळी, एकाखाली एक. वरचं खोल. त्यात मासे, आणि माशांवर जगणारे ऊद. काही लोक त्यांना पाणमांजर म्हणतात आणि त्यावर भावजी चिडतात. खोल तळं भावजींचं. मधलं उथळ तळं ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं. त्याच्या मध्ये बसकं बेट आहे आणि बेटावर शेकाटे घरटी करतात. लांब लाल पायांचे, काळ्यापांढऱ्या अंगाचे पक्षी. पाय बघून वाटतं, देवाने मापात काहीतरी चूक केली आहे. खालच्या तळ्यात नुसता चिखल. चिखलात चोची खुपसणाऱ्या पाखरांना पाणी कमीच लागतं, त्यामुळे ती पाखरं सगळ्यांची लाडकी. मी दाराशी तिकिटं देते, दुर्बिणी भाड्याने देते, आणि उपाहारगृहाच्या चुलीची राख चाळून पोत्यात भरून ठेवते. राख कशाला, ते पुढे येईलच.

कालव्याचं पाणी मोजून मिळतं. तळी तीन, तोंडं शेकडो. म्हणून दर आठवड्याला मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक बसते आणि कोणाला किती पाणी ते ठरतं. बाई आमच्या वरिष्ठ. शांत स्वभावाच्या, पण एकदा बोलल्या की बोलल्या. शेकाट्यांचं दुखणं असं, की पाणी चार बोटं चढलं तर अंडी तरंगायला लागतात, आणि उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि मोकाट कुत्री चालत जाऊन फराळ करून येतात. उदांचं उलट. त्यांच्या बिळाचं तोंड पाण्याखाली असावं लागतं. ते उघडं पडलं की कुत्र्यांना आयतं दार मिळतं. त्या वर्षी बेटावर घरटी दाटली होती आणि खोल तळ्याच्या बिळात उदीण व्यायली होती. दोघांना पुरेल एवढं पाणी नव्हतं.

बाईंनी ठरवलं, पहिला हक्क मधल्या तळ्याचा. अंडी फुटेपर्यंत ते भरलेलं राहील. घरटी उठली किंवा उधळली, की सगळं पाणी खोल तळ्याला. हे खूश झाले. भावजींनी खांदे उडवले आणि हसत म्हणाले, "ठीक आहे. पाणी आपली वाट काढतं, दादा."

एवढंच वाक्य. भावजी असली वाक्यं दिवसातून दहा टाकतात आणि विसरतात. हे मात्र विसरणाऱ्यांतले नाहीत. घरी येताना वाटेत थांबून मला विचारलं, "वाट काढतं म्हणजे काय म्हणायचं होतं त्याला?"

"म्हणजे पाणी वाहतं, असं," मी म्हटलं.

"तू भोळी आहेस," हे म्हणाले. मी भोळी नाही, पण तेव्हा भांडायचा कंटाळा आला.

पुढच्या आठवड्यात ऊन तापलं आणि कोरडा वारा सुटला. मधल्या तळ्याचं पाणी मोजपट्टीवर थोडं खाली आलं. बाई म्हणाल्या, वारा आहे, पाणी उडणारच. ह्यांनी मान हलवली आणि घरी येऊन जेवताना घास हातात धरून बसले.

"वारा काय आपल्याच तळ्यावर सुटलाय?"

"मग?"

"घरटी उधळली तर पाणी कोणाला मिळणार?"

उत्तर आमच्या दोघांनाही माहीत होतं. माणसाच्या मनात एकदा संशय शिरला की त्याला ताटातलं मीठसुद्धा कोणीतरी मुद्दाम जास्त घातल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगते, तो रोग लागट आहे. त्या दिवशी भावजी मागच्या दाराने आले, झाकण उचललं, विनोद केला, आणि मी हसण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं.

आता फळ्यांचं सांगते. मधल्या तळ्याच्या बांधाला मोरी आहे. मोरीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खाचा, आणि खाचांमध्ये एकावर एक सोडलेल्या लाकडी फळ्या. फळी वाढवली की पाणी चढतं, काढली की उतरतं. फळी फळीवर कितीही नीट बसवली तरी सांध्यातून पाणी झिरपतंच. म्हणून फळ्या बसवल्या की तळ्याच्या बाजूने त्यांच्यासमोर घमेलंभर राख पाण्यात सोडायची. झिरपणारं पाणी ती राख ओढून नेतं आणि ती सांध्यात बसते. गळती आपली आपणच बुजते. हे काम ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्या वर्षी दाखवलं होतं, आणि तेव्हा मला ती जादूच वाटली होती. फळी हलली की राख हवीच, हा ह्यांचाच धडा.

ह्यांनी ठरवलं, धाकट्याने फळ्यांत काहीतरी करामत केली आहे. खालच्या फळीला भोक पाडलं असणार. म्हणून हे सकाळी सगळ्यांच्या आधी जायचे, लोखंडी आकड्याने वरच्या फळ्या उचलायचे, खालच्या फळीवरून हात फिरवायचे, आणि फळ्या पुन्हा खाली सोडायचे. भोक सापडायचं नाही. मोरीजवळचा चिखल हे थापीने सारखा करून ठेवायचे, कोणी आलं तर पाऊल उमटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी चिखलावर फक्त ह्यांचीच पावलं.

"बघ," हे म्हणाले, "पुसून जातो."

"अहो, आलाच नसेल तर?"

"न आलेला माणूस पाऊल ठेवतो का कुठे? तेच तर म्हणतोय. पाऊल नाही म्हणजे पुसलंय."

साप साप म्हणून भुई धोपटायची ठरवलीच असेल, तर भुईने तरी काय करावं!

पाणी मात्र खरंच उतरत होतं, आणि आता वाऱ्याने उतरावं त्याहून जोरात. बेटाच्या टोकाशी ओली जमीन वर आली, जिभेसारखी. काठापासून ती अजून लांब होती, पण रोज पुढे सरकत होती. पलीकडच्या बांधावर कुत्री येऊन बसायला लागली. शेकाटे त्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायचे आणि मला तिकिटाच्या खिडकीत बसून ते ऐकवायचं नाही.

त्याच दिवसांत मी दुर्बिणी पुसून परत येताना भावजी दिसले. खोल आणि मधल्या तळ्याच्या मधल्या बांधात एक झडप आहे, तिच्या चाकापाशी वाकलेले. त्या चाकाची किल्ली त्यांच्याकडेच असते. मला बघून ते दचकले. हात वंगणाने काळे झालेले.

"वहिनी, दादाला सांगू नका हं," एवढंच म्हणाले आणि हात पाठीमागे नेले.

मी सांगितलं नाही. पण सांगण्यासारखं असेल ते लपवतंय कोण? रात्रभर मी कूस बदलत राहिले. सकाळी बघते तर खोल तळ्याचं पाणीही उतरलेलं. काठाला ओल्या मातीचा पट्टा दिसत होता. मला काही कळेना. चोर स्वतःचंच घर का फोडेल? मी ह्यांना एवढंच म्हटलं, की भावजींचं तळंही खाली आलंय, म्हणजे ऊनच असेल.

ह्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "स्वतःचं उतरवून दाखवतो. म्हणजे आपल्यावर संशय नको. लहानपणापासून असाच आहे. दोघांच्या वाटणीचा खाऊ संपवायचा आणि स्वतःच आधी रडायचं."

त्या आठवड्यात दोघं भाऊ एकमेकांसमोर आले तरी धड बोलले नाहीत. भावजींनी एकदा विचारलं, "दादा, फळ्यांना काही झालंय का? बघू का मी?" ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की भावजी तसेच मागे फिरले. ह्यांच्या मते चोराच्या मनात चांदणं होतं. भाऊ भावाला पाण्यात पाहतो म्हणतात, ते मी रोज ताट वाढताना समोर बघत होते.

बैठकीच्या दिवशी ती जिभेसारखी जमीन काठापासून उडीभर अंतरावर आली होती. हे मला मोरीवर घेऊन गेले.

"मी बाईंशी बोलायला जातोय. तू इथे उभी राहा. कोणालाही जवळ येऊ देऊ नकोस. त्याला तर नाहीच."

"काय बोलणार आहात?"

"जे आहे ते. कुंपणच शेत खातंय."

"अहो, त्यांची नोकरी जाईल."

"माझी घरटी जातायत," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. त्या क्षणी मला ह्यांची कीव आली. हा माणूस पिल्लं निघेपर्यंत मटण खात नाही, दरवर्षी. त्या अंड्यांवर ह्यांचा जीव आहे, माझ्यावर असेल तेवढाच.

हे गेले आणि मी उभी राहिले. कोणी आलं नाही. उगाच वेळ जावा म्हणून मी फळ्यांकडे बघत बसले. पाणी उतरल्यामुळे सगळ्यात वरची फळी कोरडी होती. तिच्यावरून पाणी जातच नव्हतं. आणि पलीकडून मात्र पाण्याचा आवाज येत होता. बारीक नाही, चांगला घरात नळ उघडा राहिल्यासारखा.

मला वाटलं, हेच ते भोक. ह्यांचं खरं निघालं. मी साडी खोचली आणि मोरीच्या पलीकडच्या उतारावरून खाली गेले. तिथे काटेरी झुडपं आहेत म्हणून सहसा कोणी उतरत नाही. पाय ओरबाडले. खाली उभं राहून वर पाहिलं. भोक नव्हतं. फळ्या धडधाकट होत्या. पाणी येत होतं ते फळी आणि फळीच्या मधून, सांध्यांतून, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत. एका सांध्यात लव्हाळ्याची काडी अडकलेली स्पष्ट दिसत होती. फळी उचलून परत टाकताना आत गेलेली.

आणि मला माझ्या खिडकीमागचं राखेचं पोतं आठवलं. तोंडापर्यंत भरलेलं. आठवडाभर कोणी त्याला हात लावला नव्हता.

मी धावत गेले. घमेलं भरून आणलं. आधी आकड्याने फळ्या जेमतेम उचलून ती काडी काढली, फळ्या खाली दाबून बसवल्या, आणि तळ्याच्या बाजूने राख सोडली. पाण्यावर करडा डाग पसरला, मग हळूहळू फळ्यांकडे सरकायला लागला, आणि त्याच्या रेघा होऊन सांध्यांत शिरल्या. दुसरं घमेलं टाकलं. पलीकडचा आवाज बारीक झाला. मग ठिबक ठिबक. मग बंद.

इतकं शांत वाटलं की मला रडूच आलं. रोज सकाळी येऊन, भावाने पाणी सोडलंय का हे बघायला, ह्यांनीच फळ्या उचलल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसाच गळका होता, आणि काख ह्यांचीच.

तशाच राखेच्या हातांनी मी बाईंच्या खोलीत शिरले. उशीर झाला होता. हे उभे होते, चेहरा लाल. भावजी बसलेले, आणि टेबलावर त्यांच्यासमोर झडपेची किल्ली. ती त्यांनीच काढून ठेवली होती. बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"फळ्यांमधून गळत होतं," मी म्हटलं. "भोकबिक काही नाही. राख नव्हती सांध्यांत. आत्ता टाकली, गळती थांबली."

बाईंनी ह्यांना विचारलं, "फळ्या कोणी हलवल्या?"

हे हळूच म्हणाले, "मी. रोज. तपासायला."

"आणि राख?"

"ताजी राख पाण्यावर दिसते. त्याला कळलं असतं, मी तपासतोय ते." बोलता बोलता ह्यांचं बोलणं ह्यांनाच ऐकू आलं असावं. "फळ्या फुगलेल्या असतात. मला वाटलं, बसतील आपोआप."

बाई म्हणाल्या, "पण ह्या गळतीने खोल तळं का उतरावं? त्याचा ह्या मोरीशी काही संबंध नाही."

सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं. भावजी टेबलावरच्या किल्लीकडे बघत होते.

"झडप मी उघडली होती," ते म्हणाले. "खोल तळ्याचं पाणी मधल्यात सोडत होतो. नाहीतर बेट मागच्या आठवड्यातच जोडलं गेलं असतं."

"विचारलं का नाहीस मला?" बाई.

"तुम्ही नाही म्हणाला असता. आणि दादाने घेतलं नसतं. बैठकीत जिंकलेलं पाणी त्याचं. माझ्याकडून उसनं पाणी तो कशाला घेईल?" मग ते पहिल्यांदा ह्यांच्याकडे वळले. "ऊद उठून दुसरीकडे जाऊ शकतो, दादा. अंड्यांना कुठे पाय असतात?"

हे खाली बसले. खुर्ची मागे आहे की नाही तेही पाहिलं नाही.

आम्ही चौघंही खोल तळ्यावर गेलो. भावजी पुढे, आम्ही मागे, आणि कोणी कोणाच्या बरोबरीने चालत नव्हतं. बिळाचं तोंड उघडं पडलं होतं, पाण्यापासून चांगलं वीतभर वर. आत काही नव्हतं. समोरच्या ओल्या मातीत उदिणीची पावलं होती, शेजारी छोटी छोटी, नदीच्या बाजूला गेलेली. त्यांच्यावरून कुत्र्यांची पावलं गेली होती. ह्यांनी वाकून ती बराच वेळ पाहिली. ह्या वेळी कोणी काही पुसलेलं नव्हतं. पिल्लांतली किती नदीपर्यंत पोचली, ते आम्हाला आजही माहीत नाही.

"चुकलो रे," हे म्हणाले.

"असू दे, दादा," भावजी म्हणाले. खांद्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला होता. मी पाहिला. मग तो त्यांनी कानामागे नेला आणि खाजवल्यासारखं केलं.

बाईंनी किल्ली भावजींना परत दिली. त्यांनी घेतली. शेकाट्यांची अंडी फुटली, आणि काडीसारख्या पायांची पिल्लं बेटभर धडपडत फिरायला लागली. लोक रांगा लावून दुर्बिणी घ्यायला आले. ह्यांचं सगळं जागेवर होतं, पण हे बेटाकडे बघत नव्हते. रोज संध्याकाळी खोल तळ्याच्या काठावर जाऊन उभे राहायचे. आता तिथे पाणी भरपूर होतं आणि उदाचं शेपूटसुद्धा दिसत नव्हतं.

मी भावजींना सांगितलं, जेवायला या. एकदा नाही, तीनदा. ते म्हणाले, येतो ना वहिनी, त्यात काय.

आणि ते आले. मी ताटं मांडत होते. मागचं दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं, आणि पातेल्यावर झाकण होतं. हे पाटावर बसून त्या दाराकडे बघत होते. तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली.

क्षणभर आम्हाला वाटलं, दुसरं कोणी असेल.

"दार उघडंच आहे रे!" हे आतून ओरडले. "मागनं ये! मागनं!"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बेल पुन्हा वाजली, अगदी हलकेच, परक्याच्या घरी वाजवतात तशी.